न ऐकू येणारा आवाज आणि मेंदूचं दार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूरला औषधशास्त्र शिकवण्यात उभी हयात गेली. निवृत्तीनंतर फोनवर विद्यार्थ्यांपेक्षा त्यांच्या मामा-काकांचेच मेसेज जास्त येतात. त्यातला एक फॉरवर्ड काही केल्या पाठ सोडत नाही: ‘चिरफाड नाही, टाके नाहीत. आवाजाच्या लाटांनी मेंदूचं दार उघडून औषध आत सोडतात. गाठ असो की विसरभोळेपणा, सगळं बरं.’ पहिली दोन वाक्यं बरीचशी खरी आहेत, तिसरं नाही. त्यावर उदगीरपासून परतूरपर्यंतच्या लोकांनी जे जे विचारलं ते इथे नंबर टाकून एकत्र केलंय. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथे नंबर दिलाय.

१. ब्लड-ब्रेन बॅरिअर म्हणजे मेंदूभोवतीचा पडदा का?

मेंदूभोवती पडदे आहेत, पण ते वेगळे. बॅरिअर म्हणजे मेंदूतल्या अतिबारीक रक्तवाहिन्यांची भिंतच. फॉरवर्डमधलं ‘दार’ ते याच भिंतीतलं. शरीरात इतरत्र या भिंतीतून थोडंफार झिरपत असतं. मेंदूत मात्र भिंतीच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की मिठाचा कणही सहजी मधून सरकत नाही. वर त्या पेशींत पंप बसवलेले: नको असलेलं काही आत शिरलंच, तर उचलून परत रक्तात. अशा वाहिन्या एका मेंदूत साधारण ६०० किलोमीटर भरतात. लातूरहून मुंबई गाठूनही उरतील एवढ्या.

हे कळलं कसं, ती गोष्ट मी दर वर्षी वर्गात सांगायचो. १८८५ साली पॉल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला. सगळे अवयव रंगले, मेंदू कोरा राहिला. मेंदूला हा रंग चढत नसावा, असं त्यांना वाटलं. १९१३ मध्ये त्यांचेच शिष्य एडविन गोल्डमन यांनी रंग थेट मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला, तर मेंदू रंगला आणि बाकीचं शरीर कोरं! रंग चढत होताच, मधे कोणीतरी अडवत होतं.

२. काहीच आत जात नाही, तर मग दारू कशी चढते? सर्दीच्या गोळीनं झोप कशी येते?

हा प्रश्न औशाच्या एका दहावीतल्या पोरीचा, आणि सगळ्यात हुशार. रेणू लहान असेल, साधारण ४००-५०० डाल्टनच्या (हे रेणूच्या वजनाचं माप) आतला, आणि चरबीत विरघळणारा असेल, तर तो भिंतीतून आरपार जातो. दारू, तंबाखूतलं निकोटिन, चहातलं कॅफिन ही सगळी त्या जातीची. सर्दीची जुनी गोळी, क्लोरफेनिरामिन, आत जाते म्हणून पेंग येते. नव्या फेक्सोफेनाडिनला पंप बाहेर काढतात, म्हणून ती घेऊन माणूस शेतात कामाला जाऊ शकतो. जुलाबावरची लोपरामाइड तर अफूच्या कुळातली, पण त्याच पंपांमुळे नेहमीच्या डोसला नशा होत नाही.

कॅन्सरची पुष्कळशी औषधं मोठी किंवा पंपांना नको असलेली. अँटिबॉडी, म्हणजे प्रथिनाची बनलेली औषधं, तर दीड लाख डाल्टनच्या आसपास. त्यांचा मेंदूत जाणारा वाटा हजारात एखादा.

एक वाट मात्र भिंत न फोडता काढलेली आहे. पार्किन्सनमध्ये डोपामिन कमी पडतं, आणि डोपामिन आत जात नाही. पण लेव्होडोपा जातं, कारण अन्नातल्या अमिनो आम्लांसाठी ठेवलेल्या दारातून ते शिरतं आणि आत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं. लेव्होडोपाच्या पेशंटला ‘गोळी जेवणाच्या आधी घ्या’ म्हणतात ते यामुळेही. वरणातली प्रथिनं त्याच दारात गर्दी करतात.

३. अल्ट्रासाऊंड म्हणजे सोनोग्राफीच ना? आमच्या तालुक्याच्या सोनोग्राफी सेंटरवर होईल का?

नाही. फॉरवर्डमधल्या आवाजाच्या लाटा म्हणजे अल्ट्रासाऊंडच, पण यंत्र वेगळं. ‘येथे गर्भलिंग चाचणी केली जात नाही’ अशी पाटी असलेल्या खोलीतलं मशीन लाटा पाठवून परतीचा प्रतिध्वनी ऐकतं. त्याच्या लाटा सेकंदाला २० लाख ते दीड कोटी कंपनांच्या. प्रौढ माणसाच्या जाड कवटीतून त्या नीट पार होत नाहीत. बॅरिअरसाठी वापरतात त्या हेल्मेटसारख्या यंत्रात १०२४ छोटे स्रोत असतात, त्यांची कंपनं सेकंदाला साधारण २ लाख २० हजार. आपला कान २० हजारांपर्यंतच ऐकतो. एकेक स्रोत अगदी दुबळा असतो. सगळ्यांच्या लाटा जिथे एकत्र येतात, त्या काही मिलिमीटरच्या ठिपक्यातच जोर तयार होतो. ठिपक्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या मेंदूला धक्का लागत नाही.

४. पण लाटांनी दार उघडतं कसं?

नुसत्या लाटांनी उघडत नाही, आणि फॉरवर्डमध्ये हीच गोष्ट गाळलेली असते. हातातल्या शिरेतून सूक्ष्म बुडबुडे सोडावे लागतात. वरून चरबीचं किंवा प्रथिनाचं पातळ कवच, आत जड वायू, आकार काही मायक्रॉन, म्हणजे तांबड्या पेशीएवढा किंवा त्याहून लहान. रक्तासोबत ते सगळीकडे फिरतात. ठिपक्याखालून जाताना लाटेचा दाब वाढला की आक्रसतात, कमी झाला की फुगतात, सेकंदाला दोन लाखांहून जास्त वेळा. त्या फुगण्या-आक्रसण्याने वाहिनीच्या भिंतीला आतून हलके धक्के बसतात. पेशींमधले सांधे सैल होतात, पेशी स्वतःही जास्त माल आरपार नेऊ लागतात, आणि प्रश्न २ मधल्या पंपांचं कामही काही काळ मंदावल्याचं प्राण्यांत दिसलंय.

सगळी मेख जोरात आहे. कमी पडला तर दार हलत नाही, जास्त झाला तर बुडबुडा फुटतो आणि वाहिनी फाटून रक्त झिरपतं. नीट फुगणाऱ्या बुडबुड्याचा आवाज वेगळा आणि फुटणाऱ्याचा वेगळा. म्हणून हेल्मेटमध्ये ऐकणारे सेन्सरही असतात. फुटल्यासारखा आवाज येऊ लागला की यंत्र जोर उतरवतं. विहिरीवरची मोटर ‘कोरडी ओढतेय’ हे आवाजावरून ओळखून बटण बंद करणारा माणूस आपल्याकडे घरोघर आहे, त्याला हे लगेच कळेल.

बुडबुडे वापरून, एमआरआयमध्ये बघत, मेंदूला इजा न करता हे जमतं, हे सशांमध्ये २००१ साली कुलर्वो हिनिनेन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. त्याआधी नुसता जोर लावून पाहिलेल्या प्रयोगांत मेंदूला इजा व्हायची.

५. सलाइनच्या नळीत बुडबुडा दिसला तरी आम्ही नर्सला हाक मारतो. इथे मुद्दाम बुडबुडे सोडतात?

हाक मारत जा, ती सवय चांगली. पण नळीतला बुडबुडा हवेचा आणि मिलिमीटरमधला असतो. हे त्याच्या शेकडो पटीने लहान, कवच असलेले, आणि बारीकातल्या बारीक वाहिनीतून सटकणारे. काही मिनिटांत त्यांचा वायू श्वासावाटे बाहेर पडतो. हृदयाच्या टू-डी इकोत चित्र स्पष्ट यावं म्हणून हेच बुडबुडे कैक वर्षं वापरात आहेत. क्वचित कुणाला त्यांची ॲलर्जी येते, म्हणून सोडताना डॉक्टर जवळ उभे असतात.

६. कवटी मधे आहे ना, ती लाटा अडवत नाही?

अडवते, आणि वाकवतेही. कवटी कुठे जाड, कुठे पातळ, म्हणून काही लाटा ठिपक्यावर उशिरा पोचतात आणि जोर विस्कटतो. भजनी मंडळात मागच्या रांगेतले टाळकरी अर्धी मात्रा मागे पडले की कसा ठेका फुटतो, तसं. उपाय असा: आधी डोक्याचा सीटी स्कॅन काढायचा, कवटीची जाडी मोजायची, आणि ज्या लाटेला उशीर होणार तिला कॉम्प्युटरने तेवढी आधी सोडायची. सगळ्यांची टाळी एकाच ठिकाणी पडते. काहींची कवटी या कामाला सोयीची नसते. त्यांच्यासाठी प्रश्न ८.

७. त्या दिवशी पेशंटला नेमकं काय करतात?

हेल्मेटच्या पद्धतीत बहुधा डोकं पूर्ण भादरतात, कारण केसात हवा अडकते आणि हवेतून या लाटा जात नाहीत. डोकं हलू नये म्हणून चौकट बसवतात, बऱ्याचदा तेवढ्या जागेपुरती भूल देऊन चार स्क्रूंनी. ‘टाके नाहीत’ खरं, पण स्क्रू आहेत, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्याला सांगा. डोकं आणि हेल्मेट यांच्यामध्ये रबराच्या पडद्यात हवा काढलेलं गार पाणी फिरवतात. पेशंट जागा असतो, एमआरआयच्या बोगद्यात. बुडबुडे सोडले, की डॉक्टर एकामागून एक ठिपके उघडत जातात. लाटा सोडण्याचा वेळ थोडा, तयारीतच काही तास जातात. मधेमधे ‘हात उचला, नाव सांगा’ असं विचारतात.

शेवटी गॅडोलिनियम हा एमआरआयचा रंग शिरेतून देतात. तोही बॅरिअर ओलांडत नाही. त्यामुळे उघडलेल्या जागी फोटोत पांढरे ठिपके उमटतात. एर्लिख यांचाच रंगाचा प्रयोग, सव्वाशे वर्षांनी, जिवंत माणसात.

८. ऑपरेशन अजिबातच लागत नाही का?

पद्धतीवर आहे. फ्रान्समधल्या सोनोक्लाउड पद्धतीत कवटीत एक छोटं यंत्र कायमचं बसवतात, म्हणजे कवटीची अडचणच संपते. गाठ काढण्याच्या ऑपरेशनमध्येच ते बसवता येतं. पुढे दर वेळी केमोच्या आधी कातडीतून सुई टोचून जोडायचं, काही मिनिटं चालवायचं. एमआरआयची गरज पडत नाही. पॅरिसमध्ये २०१४ पासून ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कॅन्सरच्या पेशंटमध्ये कार्बोप्लाटिन या केमोच्या औषधासोबत ते वापरून पाहिलं. सुरुवातीच्या यंत्रात एकच स्रोत होता, पुढे नऊ आले.

आणखी एक प्रकार आहे: पेशंट खुर्चीत, लाटांचं यंत्र बाहेरून डोक्याला टेकवलेलं, आणि दिशा आधी काढलेल्या स्कॅनवरून. खर्चाच्या दृष्टीने आपल्यासारख्या भागात पुढेमागे काही पोचलंच, तर ते या वाटेने पोचेल असा माझा अंदाज.

९. एकदा उघडलेलं दार उघडंच राहिलं तर?

राहत नाही. पहिल्या तासाभरातच बरंचसं मिटू लागतं, मोठे रेणू आधी अडतात, आणि साधारण २४ तासांत गॅडोलिनियमही आत जात नाही. म्हणून औषध कधी द्यायचं याला फार महत्त्व. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात १७ पेशंटवर झालेल्या चाचणीत (२०२३ मध्ये प्रसिद्ध) लाटा दिल्याबरोबर पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध सुरू केलं. ऑपरेशनच्या वेळी मेंदूचे तुकडे तपासले, तेव्हा उघडलेल्या भागात त्याचं प्रमाण न उघडलेल्या भागाच्या चौपटीच्या घरात निघालं, कार्बोप्लाटिनचं सहापटीच्या.

१०. कोणत्या आजारात हे करून पाहिलंय?

मेंदूची गाठ सगळ्यात पुढे. बाहेरून, कवटी न उघडता, गाठीच्या पेशंटमध्ये पहिल्यांदा दार उघडलं ते टोरांटोच्या सनीब्रुक रुग्णालयात, नोव्हेंबर २०१५ मध्ये, डॉक्सोरुबिसिन या औषधासाठी. तिथेच पुढे स्तनाच्या कॅन्सरच्या मेंदूत पसरलेल्या गाठींमध्ये ट्रास्टुझुमॅब पोचवलं. त्या औषधाला किरणोत्सारी खूण लावून ते खरंच आत गेलं हे स्कॅनवर दाखवलं. मला हा प्रयोग फार आवडतो: ‘दार उघडलं’ एवढ्यावर न थांबता ‘माल पोचला का’ तेही पाहिलं. अल्झायमर, पार्किन्सन आणि एएलएस (स्नायू हलवणाऱ्या नसा झिजण्याचा आजार) यांमध्येही थोड्या पेशंटवर दार सुरक्षित उघडून मिटलंय. लहान मुलांच्या मेंदूच्या देठातल्या डीआयपीजी गाठीवरही चाचण्या आहेत. ती गाठ कापून काढता येत नाही आणि तिथला बॅरिअर बराचसा शाबूत असतो, म्हणून.

यातल्या बहुतेक चाचण्या ‘धोका किती’ हे पाहणाऱ्या, मोजक्या पेशंटच्या. आयुष्य वाढतं का, हे ठरवायला मोठ्या तुलनात्मक चाचण्या लागतात.

११. आमची माय माणसं ओळखत नाही. यानं आठवण परत येईल का?

या प्रश्नाला उत्तर लिहिताना हात अडतो, पण खरं तेच सांगतो. आज तरी असं कुणी म्हणू शकत नाही. जानेवारी २०२४ मध्ये गाजलेली बातमी वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाची. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या अमिलॉइड या प्रथिनावरचं अडुकानुमॅब हे अँटिबॉडी औषध सहा महिने दिलं आणि मेंदूच्या एका बाजूचं दार उघडलं. उघडलेल्या भागात अमिलॉइड दुसऱ्या बाजूपेक्षा सरासरी ३२ टक्के जास्त घटलं. पेशंट तीन. तिघांवरून आठवणीबद्दल काही ठरत नाही. आणि त्याच महिन्याच्या शेवटी कंपनीने ते औषध बंद करत असल्याचं जाहीर केलं! दार उघडायची किल्ली हातात, पण आत न्यायचं औषधच बाजारातून गेलं. म्हणून कुणी हा उपचार सुचवला, की माझा पहिला प्रश्न ‘कोणतं मशीन’ हा नसतो. ‘कोणतं औषध’ हा असतो.

१२. औषध न देता नुसतं दार उघडलं तरी फायदा होतो म्हणतात?

उंदरांमध्ये दिसलंय. ऑस्ट्रेलियातल्या २०१५ च्या प्रयोगात औषधाविना अमिलॉइड घटलं, मेंदूतल्या सफाई करणाऱ्या पेशी जाग्या झाल्या असाव्यात. टोरांटोत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच अल्झायमर पेशंटच्या चाचणीत दार सुरक्षित उघडलं, पण अमिलॉइडमध्ये ठोस फरक नव्हता. उंदीर आणि माणूस यांत एवढं अंतर नेहमीच पडतं.

१३. आमच्या काकांचा थरथरणारा हात याच मशीननं एका दिवसात थांबला. मग इतका वेळ ‘प्रायोगिक’ काय म्हणता?

सर्वात जास्त घोळ इथे होतो. हेल्मेट दिसायला सारखं, काम उलट. हाताच्या कंपावर बुडबुडे नसतात. लाटांचा जोर खूप वाढवून थॅलॅमस या मेंदूच्या आतल्या भागातला ठिपका ५५-६० अंशांपर्यंत तापवतात आणि कायमचा जाळतात. त्याला अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळाली आणि भारतातही मोजक्या ठिकाणी होतं. बॅरिअर उघडताना काहीच जाळायचं नसतं. पहिलं सिद्ध झालं म्हणून दुसरं होत नाही.

१४. वडिलांना मॅनिटॉलची बाटली लावली होती. त्यानंही बॅरिअर उघडतो ना?

तुम्ही पाहिलेली बाटली शिरेतून दिलेली, मेंदूची सूज उतरवायला. बॅरिअर उघडायला मॅनिटॉल मानेतल्या धमनीतून नळी घालून, भूल देऊन, वेगाने सोडतात. पेशी पाणी सुटून आक्रसतात आणि सांधे सैल होतात. ही पद्धत काही दशकं जुनी. तिचा तोटा म्हणजे त्या धमनीच्या हद्दीतला सगळाच मेंदू उघडतो.

१५. गाठीत रंग पांढरा दिसतो, म्हणजे तिथला बॅरिअर आधीच फुटलेला. मग परत उघडायचा कशाला?

एमआरआयचा रिपोर्ट नीट वाचणाऱ्याचा प्रश्न. गाठीच्या मध्यभागी बॅरिअर खरंच गळका असतो. पण ग्लायोब्लास्टोमाच्या पेशी कडेच्या, चांगल्या दिसणाऱ्या मेंदूत पसरलेल्या असतात आणि तिथे बॅरिअर शाबूत असतो. गाठ काढल्यावर आजार बहुधा तिथूनच उलटतो. लाटा द्यायच्या त्या कडेलाच. आणखी एक गुंता: सुजेसाठी दिलेलं डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड बॅरिअर परत घट्ट करतं, त्यामुळे गोळ्या कोणत्या चालू आहेत हे चाचणीवाल्या डॉक्टरांना सांगायलाच हवं.

१६. मेंदूचा टीबी किंवा मेंदूतले किडे, यासाठी चालेल का?

गरज नाही. फिट आलेल्या पेशंटच्या स्कॅनमध्ये आपल्याकडे या दोन गोष्टी पुष्कळदा निघतात, म्हणून प्रश्न रास्त आहे. टीबीच्या औषधांपैकी आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड मेंदूत छान जातात. रिफॅम्पिसिन कमी जातं, पण सुरुवातीच्या सुजेत बॅरिअर थोडा गळका असतो. किड्यांवरचं अल्बेंडाझोलही आत जातं. तिथे खरी काळजी किडा मरताना येणाऱ्या सुजेची, आणि त्यासाठी स्टिरॉइड असतं. या दोन्ही आजारांत गोळ्या मधेच सोडणं जेवढं घातक, तेवढं दुसरं काही नाही.

१७. धोके काय? आणि कुणाला चालत नाही?

डोकेदुखी, चौकटीच्या जागी दुखणं, बारीक रक्तस्राव, तात्पुरती सूज, क्वचित काही काळ हातापायाला किंवा बोलण्याला अशक्तपणा. अमिलॉइडवरच्या अँटिबॉडींना सूज-रक्तस्रावाचा धोका मुळातच असतो, त्यात हा आणखी. शिवाय दार उघडलं की औषधाचा विषारीपणाही आत जातो. शरीराला झेपणारं औषध मेंदूला झेपेलच असं नाही.

एमआरआयला न चालणारा पेसमेकर किंवा डोक्यातली क्लिप, बंद करता न येणारी रक्त पातळ करणारी गोळी, मेंदूत आधीचे रक्तस्राव, गर्भारपण, किडनीचा मोठा आजार, बुडबुड्यांची ॲलर्जी असलेल्यांना चाचण्यांमध्ये सहसा घेत नाहीत.

१८. मराठवाड्यात कुठे होतं? खर्च किती? महात्मा फुले योजनेत बसतं का?

संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयात नाही, लातूर-नांदेडच्या मेडिकल कॉलेजात नाही. हा अजून चाचण्यांतला उपचार असल्याने त्याचा ‘दर’ असा नसतो, आणि योजनेच्या यादीत बसण्याचा प्रश्नच येत नाही. गाठीसाठी लागणारं ऑपरेशन, रेडिएशन, नेहमीची केमो यांसाठी मात्र योजनेचं कार्ड जरूर काढा. संभाजीनगरचं सरकारी कॅन्सर रुग्णालय, बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा इथे रांग मोठी असली तरी वाट सरळ आहे.

गेल्या दिवाळीत अहमदपूरकडचा एक मुलगा घरी आला. खताच्या कंपनीच्या पिशवीत बापाच्या फिल्म, आणि हातात एका एजंटाने पेनने लिहून दिलेलं ‘लेझर-साऊंड पॅकेज’. त्यात औषधाचं नाव कुठेच नव्हतं. दोन एकर विकायची बोलणी झाली होती. त्याला सांगितलं तेच इथे सांगतो. भारतात कायदेशीर औषध-चाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असावीच लागते, २००९ पासून ते सक्तीचं आहे. नोंदणी क्रमांक मागा आणि तो वेबसाइटवर टाकून बघा. मराठीत संमतीपत्र मागा. २०१९ च्या नियमांप्रमाणे चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई द्यावी लागते. तपासत असलेल्या उपचारासाठीच लाखो रुपये मागत असतील, तर उठून या. त्या मुलाने जमीन विकली नाही. वडील टाटात दाखवले, रेडिएशन झालं.

१९. उघडलेल्या दारातून आतलं बाहेरही येतं का?

येतं, आणि त्याचाही उपयोग शोधताहेत. गाठीच्या पेशींचा डीएनए बॅरिअरमुळे रक्तात फारसा उतरत नाही. लाटा दिल्यावर हातातून रक्त घेतलं तर तो जास्त सापडतो, असं सेंट लुईसमधल्या गटाने पेशंटमध्ये दाखवलंय. मेंदूला सुई न लावता बायोप्सी! फॉरवर्डमध्ये याचं नावही नसतं, पण मला तरी औषधाच्या आधी हेच कामाला येईल असं वाटतं.

२०. तुम्हाला रिपोर्ट पाठवू का?

पाठवा, पण ट्यूबलाइटसमोर फिल्म धरून काढलेला फोटो नको, त्यात पंख्याचं पातंच जास्त दिसतं. एमआरआयची सीडी, बायोप्सीचा कागद, आणि सध्या चालू असलेल्या गोळ्यांच्या पट्ट्यांचा मागच्या बाजूने काढलेला फोटो पुरतो. मी उपचार करत नाही. कुठल्या डॉक्टरांना काय विचारायचं तेवढं सांगतो, संध्याकाळी सहानंतर.